पाऊणपट

विजेच्या बिलाच्या पाठीवर
मी 'मनोरी' लिहिलं, खाली रेघ ओढली.
जानेवारी, शनिवार ते सोमवार.
सोमवारी सव्वीस, म्हणजे रजेचा अर्ज नाही,
साहेबाचं तोंड नाही.

भांडुपहून मालाड, मालाडहून मार्वे,
मार्वेहून होडी, दहा मिनिटांची,
की लगेच परगाव.
हेरंब म्हणाला, याच्यापेक्षा अलिबाग बरं.
मी म्हटलं, अलिबागला आपलीच सोसायटी भेटते,
ओल्या चड्डीत.

परेराबाईंना फोन लावला.
कॉटेज एकच उरलंय, पंख्याचं.
जादा गादीचे सहाशे.
"जेवान आदल्या दिसाला सांगा,
बोंबील मिलले तर मिलले."
माणसं किती?
पाच, म्हटलं.
आतल्या खोलीत भाऊंनी बातम्यांचा आवाज वाढवला.

भाऊंचं म्हणणं जुनंच:
चौतीस वर्षं पोर्ट ट्रस्टच्या ड्रेजरवर
या समुद्राच्या पोटातला गाळ उपसला,
आता त्याच्याकडे नुसतं बघायला
रात्रीचे अठ्ठेचाळीसशे?

मग यादीला पाय फुटले.
ईशानला उत्तनचं दीपगृह,
वर चढू देत नसतील तर खालून.
सानिकाला रेंज.
विभावरीला गोराईचा पॅगोडा, कारण तिथे
कोणी बोलत नाही; डोंबिवलीत तिच्या घरी
दोन दीर, सासूबाई आणि एक पोपट.
हेरंबला वसईचा किल्ला, भाईंदरहून रो-रोने, गाडीसकट,
म्हणजे पुन्हा गाडी आणायची,
म्हणजे होडी रद्द,
म्हणजे ईशान रडकुंडीला.
मला कोणी विचारलं नाही.
मी कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहून घेतलं:
एक सकाळ, कुकरशिवाय.

शेवटी होडीच ठरली, किल्ल्याला रिक्षा बघू.
शनिवारी अकराची होडी, असं मी मोठ्याने म्हटलं
तर आतून आवाज,
"अकराला चिखल असेल."

टीव्ही बंद.
भाऊ दारात, हातात भिंतीवरची दिनदर्शिका,
खिळासुद्धा तिच्याबरोबर आलेला.
"शनिवारी षष्ठी. सहाची पाऊणपट किती?"
सानिका दहावीत आहे, ती फोन शोधू लागली.
ईशान म्हणाला, साडेचार.
"साडेचारला भरती पूर्ण. त्याआधी सहा तास ओहोटी,
म्हणजे साडेदहाला पाणी तळाला.
अकराला जाल तर चपला हातात,
फळीवरून चालायचं, आणि विभा पडणार."
मीच का? विभावरी म्हणाली.
"लहानपणापासून तूच पडतेस."

मग बिल त्यांच्या हातात गेलं.
रविवारी सप्तमी, सव्वापाच. सोमवारी अष्टमी, सहा.
पॅगोडा सकाळी ढकलला, वसईवर काट मारली,
पोरांसाठी चौकट केली, वर लिहिलं:
पाणी चढत असताना उतरायचं.
उतरत्या पाण्यात नाही, ते माणूस मागतं.
दीपगृहाला मात्र संध्याकाळ दिली,
दिवा लागायची वेळही घातली, पाठ असल्यासारखी.
माझ्या कोपऱ्याला हात लावला नाही.
वाचला असेल.

मी सहज विचारलं,
तुम्ही कधी असे मुक्कामाला राहिलात, भाऊ?
"राहिलो की. पाण्यावर.
तिथून इकडचे दिवे दिसायचे.
इकडून तिकडचं कसं दिसतं, बघितलं नाही."
आणि चष्मा पुसत बसले, बराच वेळ,
चष्मा स्वच्छ होता.

मग म्हणाले,
"त्या बाईंना विचार, खिडकी कुठल्या अंगाला."

फोन लावला. पश्चिमेला, बाई म्हणाल्या,
पन मधी सुरूची झाडां हायत,
दर्या दिसाचा नाय. आवाज येतो.
मी भाऊंकडे बघितलं.
त्यांनी दिनदर्शिका परत खिळ्याला लावली,
खिळा भिंतीला,
अंगठ्याने दाबून.

बाई अजून लाइनवर.
हेरंब खुणेने विचारत होता, काय, काय?
गाद्या सहा, मी म्हटलं.
सहा.